संधिवात असताना टर्म विमा: आजार लिहायचा की नाही?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वय ३६, पतसंस्थेत नोकरी, नवऱ्याची हापूसची बाग, दोन मुलं शाळेत. चार वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचं, निदान झालं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. गेल्या गणपतीच्या आधी त्यांनी ५० लाखांच्या टर्म विम्याचा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा) ऑनलाइन अर्ज केला. त्याच महिन्यात सांधे सुजले होते म्हणून डॉक्टरांनी थोडे दिवस स्टिरॉइडही दिलं होतं. कंपनीचं पत्र आलं, 'पोस्टपोन्ड'. आता गावातला एक विमा प्रतिनिधी त्यांना सांगतो, "तां कित्याक लिवतंस? तीन वर्सां गेली की कोण इचारता?" तर ताई विचारतात, मला विमा मिळेल का? आणि आजार लिहू की नको?

ताई, मी कणकवलीत बसून बावीस वर्षं विम्याचंच काम करते. तुमच्यासारखे अर्ज दरवर्षी हातातून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय की पॉलिसी मिळेल का. पण तुम्हाला खरं तर हवंय ते हे, की उद्या काही झालं तर मुलांच्या हातात पैसे पडावेत. या दोन गोष्टी एक नाहीत. आजार लपवून पॉलिसीचा कागद मिळवणं अवघड नाही. त्या कागदावर पैसे मिळतील का, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. तुमच्या गावातला प्रतिनिधी पहिल्या गोष्टीबद्दल बोलतोय, तुम्हाला काळजी दुसरीची आहे.

तो सांगतो त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. विमा कायदा १९३८ मधलं कलम ४५ सांगतं की तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला कुठल्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतरचा हा नियम आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण तीन वर्षं कुठून मोजायची, ते तो सांगत नाही. पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख, किंवा नंतर रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण, घेतला असेल तर त्याची तारीख, यांतली जी सगळ्यात शेवटची असेल तिथून. म्हणजे पाचव्या वर्षी हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली आणि तुम्ही ती पुन्हा सुरू केलीत, की मोजणी नव्याने सुरू. शिवाय त्या वेळी तब्येतीचा जाहीरनामा पुन्हा भरून द्यावा लागतो, म्हणजे तेच खोटं दुसऱ्यांदा लिहायचं.

आणि तीन वर्षांच्या आत काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आठ-नऊ वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आल्या. पॉलिसी माझ्यामार्फत घेतलेली नव्हती. नवरा शेतकरी, लावणीच्या दिवसांत चिखलात उभा राहून ताप भरला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला, आठ दिवसांत गेला. पॉलिसीला एकोणीस महिने झाले होते. त्याला सोरायसिसचा संधिवात होता, गोव्याला जाऊन औषधं आणायचा, आणि अर्जावर तब्येतीच्या प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' असं होतं. इतक्या लवकर आलेल्या क्लेमची कंपनी चौकशी करतेच. चौकशीवाल्याला फार शोधावं लागलं नाही. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, आधी काही आजार आहे का, आणि बायकोने घाबरून जे खरं होतं ते सांगितलं. केसपेपरवर तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं, के-सी-ओ, म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार, आणि पुढे मेथोट्रेक्सेटची मात्रा. त्या ओळीखाली कोणीतरी निळ्या पेनाने रेघ मारली होती. ती रेघ मी विसरलेले नाही.

मृत्यू लेप्टोने झाला, संधिवाताने नाही, हा मुद्दा आम्ही मांडला. कंपनीचं म्हणणं होतं की प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असलेल्या माणसाला संसर्गाचा धोका जास्त, त्यामुळे ही माहिती महत्त्वाची होती आणि ती लपवली गेली. बाईंना भरलेले हप्ते परत मिळाले, बाकी काही नाही. 'आजाराचा मृत्यूशी संबंध नव्हता' या मुद्द्यावर काही घरं कोर्टात जिंकलेली आहेत, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका प्रकरणात, अर्जात विचारलेला आजार लपवला म्हणून क्लेम नाकारणं योग्य ठरवलं, हेही तितकंच खरं. एवढ्या अनिश्चित गोष्टीवर मुलांचं शिक्षण टांगून ठेवायचं नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. आजार लिहायचा, पूर्ण लिहायचा. जो प्रतिनिधी 'नको लिहू' म्हणतो त्याची सही अर्जावर साक्षीदाराची असते, विमा तुमचा असतो.

आता मिळेल का, त्याबद्दल. पत्र पुन्हा एकदा नीट वाचा. 'डिक्लाइन' म्हणजे नकार. 'पोस्टपोन' म्हणजे आत्ता नाही, काही महिन्यांनी या. तुमचं दुसरं आहे, आणि ते का झालं असेल हे तुम्हीच लिहिलंय: सांधे सुजलेले, स्टिरॉइड नुकतंच दिलेलं, आणि त्याच महिन्यात रक्त तपासायला दिलं. त्या रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे आकडे, वाढलेले दिसणारच. कंपनीत बसलेल्या अंडररायटरपुढे, म्हणजे अर्ज तपासून विमा द्यायचा की नाही ते ठरवणाऱ्यापुढे, तुम्ही नसता, फक्त कागद असतात. कागद म्हणाला आजार भडकलेला आहे. त्याने थांबायला सांगितलं. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

तुमच्या अर्जात आणखी एक गोष्ट झाली असावी. बहुतेकांची होते. अर्जात लोक लिहितात 'संधिवात', आणि सोबत एक प्रिस्क्रिप्शन जोडतात. आपल्याकडे संधिवात म्हणजे काय नाही? आजीच्या गुडघ्याची झीज संधिवात, चिकनगुनियानंतर सहा महिने राहिलेलं दुखणं संधिवात, आणि तुमचा आजारही संधिवात. त्यात मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत कर्करोगातही वापरतात. म्हणजे अंडररायटरला एक मोघम शब्द दिसतो, त्याच्यापुढे एक जड औषध दिसतं, आणि मधली जागा तो स्वतःच्या भीतीने भरतो. ती जागा तुम्ही भरायची.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे तुमच्या संधिवाततज्ज्ञांचं एक पानी पत्र. हे मी प्रत्येकाला आधी आणायला लावते आणि मगच अर्जाला हात लावते. आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत हे तज्ज्ञ मोजके, तुम्ही कोल्हापूरला किंवा गोव्याला जात असाल, तेव्हा पुढच्या खेपेलाच मागून घ्या. "पेशंट तंदुरुस्त आहे" असं पत्र काही कामाचं नाही. त्यात आजाराचं पूर्ण नाव हवं, निदान कोणत्या महिन्यात झालं ते हवं, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्यांत काय आलं होतं ते हवं. सध्या आजार किती सक्रिय आहे ते आकड्यात हवं. डॉक्टर सुजलेले नि दुखरे सांधे मोजून डीएएस-२८ नावाचा एक गुण काढतात. तो २.६ च्या खाली असेल तर आजार शांत, २.६ ते ३.२ म्हणजे सौम्य. हा एक आकडा पत्रात आला की पानभर वर्णनाचं काम करतो. मग औषधं, मात्रा, केव्हापासून. स्टिरॉइड कधी सुरू केलं, कधी थांबवलं. आणि शेवटी एक ओळ, जी बहुतेक डॉक्टर आपणहून लिहीत नाहीत, तुम्ही विनंती करून लिहून घ्यायची: फुफ्फुस, हृदय, मूत्रपिंड यांवर आजाराचा परिणाम आढळलेला नाही. अर्थात तसं असेल तरच. दुखऱ्या बोटांची कंपनीला फारशी काळजी नसते. या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो, काहींच्या फुफ्फुसांना जाळी धरते, तिची काळजी असते.

पत्राच्या मागे गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. मेथोट्रेक्सेटवर असल्यामुळे तुमची रक्तपेशींची आणि यकृताची तपासणी ठरावीक काळाने होत असेलच, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांची. हे सगळे नॉर्मल रिपोर्ट लोक फेकून देतात आणि बिघडलेले जपून ठेवतात. तसं करू नका, दोन्ही जपा. नियमित तपासणी करणारा रुग्ण अंडररायटरला आवडतो. आणि ईसीजी किंवा काही यंत्रांतून निघणारा तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरची शाई आपल्या दमट हवेत वर्ष-दीड वर्षात उडून जाते. माझ्याकडे एकदा एका काकांनी कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून चार वर्षांचे ईसीजी काढले. सगळे कोरे, नुसते पिवळट पट्टे. पावसाळ्याआधी फोटो काढून ठेवा नाहीतर झेरॉक्स मारून घ्या.

अर्ज केव्हा करायचा? पत्रात दिलेला काळ आधी पूर्ण होऊ द्या. त्यानंतर, स्टिरॉइड बंद होऊन आणि औषधाची मात्रा न बदलता निदान सहा महिने, शक्यतो वर्ष गेलं की. हा माझा अनुभव आहे, प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. तपासणीच्या आठवड्यात ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे घ्या. आणि एक कळकळीची विनंती. रिपोर्टमध्ये दिसू नये म्हणून तपासणीआधी औषध बंद करू नका. असं करणारे भेटलेत मला. औषध थांबवलं की सांधे उसळतात, ईएसआर चढतो, आणि विमाही जातो नि तब्येतही.

दरम्यान चार कंपन्यांत एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असतो: यापूर्वी कुठला प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर स्वीकारला गेला आहे का? त्याला 'हो' म्हणावं लागणार, आणि तो एक 'हो' समजावता येतो, चार नाही. एक कंपनी निवडा, शक्य असेल तर प्रतिनिधीमार्फत आधी कागद दाखवून अंदाज विचारा, मगच रीतसर अर्ज.

आता तो प्रश्न ज्यावर बायका माझ्याकडे हसून मान हलवतात. मशेरी लावता का? अर्जात तंबाखूबद्दल विचारतात तेव्हा 'कुठल्याही स्वरूपात' असं लिहिलेलं असतं. मशेरी ही तंबाखूच. लघवीच्या तपासणीत कोटिनिन, म्हणजे तंबाखूची खूण, सापडतं आणि मग अर्जातलं 'नाही' खोटं ठरतं. नसाल लावत तर प्रश्नच मिटला. लावत असाल तर लिहा, आणि खरं तर सोडा, कारण तंबाखू आणि तुमचा आजार यांचं मुळीच पटत नाही.

सगळं व्यवस्थित झालं तर काय पदरात पडेल? तुमच्या माहितीवरून, आजार शांत असेल आणि बाकी अवयव चांगले असतील, तर मला वाटतं विमा मिळेल, पण जादा हप्त्यावर. समजा निरोगी बाईला वर्षाला ९,००० रुपये हप्ता असेल आणि तुम्हाला ७५ टक्के वाढ लावली, तर १५,७५० होतील. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. कंपनी तसं पत्र पाठवते, तुमची संमती मागते, ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. कदाचित ५० लाखांऐवजी ३० लाख देईल, गंभीर आजाराचा रायडर बहुधा देणार नाही. जादा हप्ता ऐकून लोक रागाने पत्र फाडतात. मी म्हणते घ्या. आजार सांगून, तपासून, जास्त पैसे घेऊन दिलेली पॉलिसी ही सगळ्यात मजबूत पॉलिसी असते, कारण कंपनीला उद्या 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला जागाच उरत नाही. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, तेवढा भार कमी झाला आहे.

तुमचा आजार रुमॅटॉइड आहे म्हणून मी इतक्या आशेने लिहितेय. हेच कोणाला थायरॉइडचा हाशिमोटो किंवा अंगावर कोड असेल तर बहुतेकदा फारसा अडथळा येत नाही. ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते तो आजार) असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर उत्तर खूप वेगळं असतं. स्वप्रतिकार आजार हा एक शब्द आहे, पण विम्याच्या टेबलावर प्रत्येकाची फाइल निराळी उघडते.

पॉलिसी आली की सोबत जोडलेली अर्जाची प्रत वाचा. त्यात तुम्ही सांगितलेला आजार उतरलाय का पाहा. सही मराठीत केली असेल तर अर्जात खाली एक जाहीरनामा असतो, की मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला. तो खरंच समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. काही चुकलेलं दिसलं तर ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते किंवा दुरुस्ती मागता येते. फोनवरून वैद्यकीय प्रश्न विचारले गेले तर मराठीतच बोलायचं म्हणून सांगा, आणि कागदावर जे आहे तेच बोला.

आणि आता तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते ते सांगते. नकाराची नाही, हप्ता चुकण्याची. निरोगी माणसाची पॉलिसी बंद पडली तर तो दुसरी घेईल. तुमची बंद पडली तर पुन्हा तब्येतीची परीक्षा, आणि त्या दिवशी आजार कसा असेल कोणाला माहीत. आपल्याकडे पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. बागेचा पैसा वाशीच्या दलालाची पट्टी हातात पडते तेव्हा येतो, म्हणजे मे-जून. मच्छीमारांकडे १ जून ते ३१ जुलै बंदीत घरात दमडी नसते. मी पाहिलेल्या बंद पडलेल्या पॉलिसींतल्या कितीतरी ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखांच्या होत्या: शाळेची फी झालेली, गणपती तोंडावर, आणि त्यात हप्ता. म्हणून पॉलिसीची तारीख ठरवताना विचार करा. बागेच्या पैशावर भरणार असाल तर जून बघा, वार्षिक हप्ता ठेवा, कारण हप्ता उशिरा भरायला वार्षिकला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला फक्त १५. पगारातून भरणार असाल तर मासिक चालेल, पण ज्या खात्यात पगार येतो त्याच खात्यातून आपोआप कापून जाऊ दे.

अर्जाचा काळ येईपर्यंत उघड्यावर राहू नका. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाख देतो, १८ ते ५० वयापर्यंत बँकेत किंवा टपाल खात्यात घेता येतो, वैद्यकीय तपासणी नाही. पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून अन्य मृत्यूला संरक्षण नसतं, एवढं ध्यानात ठेवा. अपघातासाठीचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणखी २ लाखांचा. रक्कम लहान आहे, पण आज मिळते. तुमच्या पतसंस्थेने कर्मचाऱ्यांसाठी सामूहिक विमा घेतलाय का तेही विचारा. अशा विम्यात ठरावीक रकमेपर्यंत बहुधा वैयक्तिक तपासणी लागत नाही.

आणि तुम्ही न विचारलेलं एक विचारते. तुमच्या यजमानांचा विमा आहे का? त्यांना आजार नसेल तर त्यांचा टर्म विमा साध्या हप्त्यावर या महिन्यात होऊ शकतो. घरातला मोठा पैसा बागेतून येतो, कलमांवर चढणारेही तेच असतील. तुमच्या फाइलच्या नादात तो अर्ज मागे पडू देऊ नका.

एक घोळ लोक नेहमी करतात म्हणून सांगते. तुम्ही कुठेतरी 'आधीच्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं' असं वाचलं असेल. ते आरोग्य विम्याचं आहे, रुग्णालयाच्या बिलाचं. तिथे आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, आणि ६० महिने झाल्यावर, फसवणूक सोडली तर, माहिती दिली नाही म्हणून क्लेम अडवता येत नाही. जीवन विम्याची तीन वर्षं वेगळी, ती वर सांगितली. कधी क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्या जिल्ह्यांना पुण्याचं कार्यालय लागतं, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते बघतात, फी नाही, वकील लागत नाही.

तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, की आईलाही हाच त्रास आहे, तो लिहायचा का. अर्जात आई-वडील आणि भावंडांच्या आजारांचा रकाना असतो. तिथे विचारलं असेल तर लिहा. पण आईला नक्की काय आहे ते आधी विचारून घ्या, तुमच्यासारखा रुमॅटॉइड की गुडघ्याची झीज, आणि जे असेल त्याच नावाने लिहा.